घरच्या भट्टीत अकीक भाजणे : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२४

अकीक आणि कॅल्सेडनी हे बारीक घडणीचे सिलिकेचे दगड. नीट भाजले की त्यांवरून छिलके, म्हणजे पातळ कपच्या, काढून पाती आणि बाणाची टोके घडवणे सोपे जाते. त्यासाठी किती तापमान हवे ते पाहायचे आहे. माल निवडून झाला. दोन प्रकार घेतले आहेत. एक, प्रवरेच्या पात्रातल्या वाळू-गोट्यांत मिळणारी कॅल्सेडनी: मुठीएवढे गोटे, बाहेरून खडबडीत पांढुरकी साल, आतून धुरकट राखाडी. दुसरा, गुजरातेतल्या खंबायतच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला कच्चा अकीक, फिकट पिवळसर, न भाजलेला. 'न भाजलेला' हे दोनदा विचारून घ्यावे. बाजारातला लाल अकीक बहुतेक वेळा आधीच भाजलेला असतो, आणि काळा, निळा, गुलाबी हा तर रंगवलेलाच. असा दगड चाचणीला कुचकामी. कच्चे काय आणि भाजलेले काय, याची तुलनाच होत नाही, शिवाय रंगवलेला दगड तापला की धूर सोडू शकतो.

निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, आवाज: गोटा दोन बोटांवर तोलून दुसऱ्या दगडाने हलके टिचकायचे. 'टण्' वाजला तर ठेवायचा. 'ठक्' वाजला तर आत तडा आहे, बाजूला टाकायचा. दुसरी, गाभा. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत वाढलेल्या अकीकात मधोमध बऱ्याचदा स्फटिकांचा खळगा असतो. हा जाडसर क्वार्ट्झ भाजून काही सुधारत नाही, आणि कॅल्सेडनीशी त्याची जिथे गाठ पडते तिथूनच दगड उलतो. तो भाग कापून टाकायचा. तिसरी, सालीला चिकटलेला झिओलाइट हे खनिज. पुणे-नगर पट्ट्यात हा हमखास असतो, मोतिया चमकेचा, पांढरा किंवा गुलाबीसर. त्याच्या जाळीत पाणी अडकलेले असते आणि तापवले की ते सुटू लागते. छिन्नीने पूर्ण खरवडून काढला.

ज्या शेतात किंवा टेकाडावर खापरे, सूक्ष्मास्त्रे (प्राचीन माणसाची छोटी दगडी अवजारे), छिलके दिसतात तिथला एकही दगड उचलायचा नाही, मग तो 'नुसता गोटा' का असेना.

८ एप्रिल

चकत्या कापल्या. टाइल कटर, ११० मिमीचे डायमंड पाते, पाण्याची बारीक धार. या पात्याची खोली जेमतेम ३० मिमी, त्यामुळे मोठा गोटा एका बाजूने कापून, उलटून दुसऱ्या बाजूने कापावा लागतो आणि मध्ये पायरी राहते. ती घासून काढली. पाणी आणि वीज एकत्र असल्याने कटर ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवरच (वीज गळली की पडणारा खटका) चालवायचा. नुसत्या एमसीबीवर (जादा भार आला की पडणारा खटका) भिस्त ठेवायची नाही.

चकती ८ मिमी. प्रत्येक गोट्याच्या पाच चकत्या: एक कच्ची राहील, बाकी चार २२०, २६०, ३०० आणि ३४० अंश सेल्सिअसला जातील. एकाच गोट्याच्या चकत्या असल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, कारण शेजारशेजारच्या दोन गोट्यांची घडण वेगळी निघते. पर्मनंट मार्करची शाई भट्टीत टिकत नाही, म्हणून खुणा खाचांनी केल्या: कडेला एक खाच म्हणजे २२०, दोन म्हणजे २६०, याप्रमाणे. गोट्याचा क्रमांक डायमंड टोकाच्या लेखणीने कोरला.

कापताना निघणारा गाळ ओला असतानाच बादलीत गोळा केला. हा गाळ वाळून उडाला की सिलिकाची धूळ थेट फुप्फुसात जाते. एन-९५ मास्क कापताना तर हवाच, साफसफाई करतानाही हवा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे.

१० एप्रिल

चकत्या साबणाच्या पाण्याने धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. खंबायतचे कारागीरही भाजण्याआधी दगड बराच काळ उन्हात ठेवतात, आणि ते उगीच नाही. कॅल्सेडनी दिसायला काचेसारखी सलग, पण तिच्यात अतिसूक्ष्म रंध्रे असतात आणि त्यांत पाणी असते. वजनाच्या शंभरातला अर्धा ते एक भाग या मोकळ्या पाण्याचा सहज निघतो. शिवाय सिलिकेला रासायनिक रीतीने बांधलेले पाणी वेगळे. त्याला ऊन पुरत नाही.

०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक चकती तोलली. दर दोन दिवसांनी पुन्हा तोलायची. लागोपाठ दोन वेळा वजन तेच आले की ऊन पुरे झाले. एप्रिलचे ऊन या कामाला उत्तम. पावसाळ्यात ही पायरी भट्टीतच करावी लागते आणि विजेचे बिल वाढते. गच्चीवर शेजारच्या कुरडया असतील तर चकत्या वेगळ्या चादरीवर ठेवाव्यात, कुरडईत कच खपत नाही.

१८ एप्रिल

भट्टीची मांडणी. १.५ किलोवॅटची छोटी विद्युत भट्टी, १६ अँपियरच्या सॉकेटवर. टप्प्याटप्प्याने तापवता येईल असा प्रोग्रॅम होणारा कंट्रोलर, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), ४० अँपियरचा एसएसआर (भट्टीची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले) आणि त्याखाली ॲल्युमिनियमची हीटसिंक. घरातला ओटीजी यासाठी अपुरा. तो २३० ते २५० अंशांवर थांबतो आणि त्याचा थर्मोस्टॅट वीस-तीस अंश वर-खाली झोके घेतो. वाळवायला मात्र चालेल.

दगड उघड्यावर ठेवायचे नाहीत, वाळूत पुरायचे. वाळू दोन कामे करते: तारेची झळ थेट लागू देत नाही, आणि एखादी चकती फुटलीच तर तुकडे भट्टीच्या तारांवर उडत नाहीत. १८ सेंमी व्यासाचा स्टीलचा डबा, झाकण सैल. घट्ट झाकण लावले तर वाफेला वाट राहत नाही. वाळू सुमारे ६ किलो, धुऊन, २ मिमीच्या चाळणीने चाळून, लोखंडी कढईत परतून वाळवलेली. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत बेसॉल्टबरोबर झिओलाइटचे कणही येतात, म्हणून दगड न घालता डबा एकदा नुसत्या वाळूचा ३५० अंशांपर्यंत तापवून घेतला. पहिल्या तापवणीत झाकणाखालून वाफ निघत होती. दुसऱ्यांदा निघाली नाही.

आता मुद्दा थर्मोकपलचा, इथेच बहुतेकांची फसगत होते. भट्टीची हवा आणि डब्याच्या मध्यातली वाळू यांचे तापमान सारखे नसते. तासाला २० अंशांच्या वेगाने चढवले तर या डब्यात मध्यभाग हवेच्या २५ ते ३० अंश मागे राहतो. कंट्रोलर हवेच्या थर्मोकपलवर ठेवला, आणि दुसरे थर्मोकपल चकत्यांच्या शेजारी वाळूत खुपसून वेगळ्या मीटरला जोडले. उलट केले, म्हणजे कंट्रोलरच वाळूच्या थर्मोकपलवर चालवला, तर वाळू हळू तापते म्हणून कंट्रोलर भट्टी भडकवत राहतो आणि डब्याच्या भिंतीलगतच्या चकत्या करपतात. चकती आणि भिंत यांत २.५ सेंमी वाळू हवी. चकत्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत, सगळ्या उभ्या लावायच्या. ठराविक तापमानावर धरण्याचा वेळ मोजायचा तो वाळू तिथे पोहोचल्यापासून.

२१ एप्रिल

पहिली घाणी, म्हणजे भट्टीची खेप, २२० अंश. वेळापत्रक असे, पुढच्या घाण्यांतही हेच, फक्त शेवटचा आकडा बदलेल:

९५ अंशांवर २४ तास. शंभराच्या खाली, मुद्दाम. पाणी उकळून नव्हे, झिरपून बाहेर यायला हवे.
९५ ते १५० अंश, तासाला २०. तिथे ६ तास.
१५० पासून ठरलेल्या तापमानापर्यंत, तासाला २०. तिथे वाळू पोहोचल्यावर ६ तास.
उतरताना १५० पर्यंत तासाला २०, मग भट्टी बंद. दार उघडायचे नाही.
वाळू ४५ अंशांखाली आल्यावरच डबा बाहेर.

एका घाणीला मीटरवर साधारण ११ युनिट पडले. निम्म्याहून कमी खर्च पहिल्या २४ तासांचा, पण घाई करायची इच्छा नेमकी त्याच टप्प्यावर होते.

२५ एप्रिल

२२० ची घाणी उघडली. एकही चकती फुटली नाही. खंबायतचा पिवळा किंचित तपकिरी झाला, प्रवरेच्या राखाडीत डोळ्यांना फरक दिसत नाही. २६० ची घाणी लावली.

२९ एप्रिल

२६० मधून खंबायतचा माल स्पष्ट तांबडा होऊन निघाला. पिवळेपणा देणारे लोहाचे जलयुक्त ऑक्साइड, म्हणजे गोएथाइट, या टापूत पाणी सोडून हेमॅटाइट बनते, लाली त्याची. पण रंग हा भाजल्याचा पुरावा धरू नये. ज्या दगडात लोह नाही तो पांढराच राहतो आणि तरी आतून बदललेला असतो. उलट नुसता लाल झालेला दगड पुरेसा वेळ धरला नसेल तर घडवायला जुनाच लागतो.

खरी खूण नव्या छिलक्याच्या खाचेत. भाजल्यावर काढलेल्या छिलक्याची खाच तुळतुळीत, तेलकट चमकेची दिसते. भाजण्याआधीची जुनी खाच शेजारीच मंद राहते. एकाच तुकड्यावर या दोन्ही असल्या की संशयाला जागा नाही. उत्खननातल्या अवजारांवरही अभ्यासक हीच जोडी शोधतात.

३०० ची घाणी सुरू.

३० एप्रिल

लाईट गेली. वाळू तेव्हा २१० अंशांवर, चढतीवर. वीज दोनेक तासांनी आली तोवर वाळू १६० च्या घरात उतरली होती. दार बंद असल्याने उतार सौम्य होता, चकत्यांना धोका नव्हता. धोका वीज आल्यानंतरचा. कंट्रोलरची पॉवर-फेल सेटिंग 'कंटिन्यू' असेल तर तो जुना आकडा धरून पूर्ण ताकदीने तापवायला लागतो आणि ५० अंशांचा तुटवडा काही मिनिटांत भरून काढू पाहतो. सगळी मेहनत तिथे उलते. म्हणून ही सेटिंग आधीपासून 'स्टॉप'वर ठेवली आहे. वाळूचे तापमान पाहून तिथूनच तासाला २० ने चढती पुन्हा सुरू केली. उतरतीवर लाईट गेली तर काहीच करायचे नाही, भट्टी तशीच बंद राहू द्यायची.

८ मे

३४० ची घाणीही निघाली. प्रवरेच्या चकत्या या टप्प्यावर दुधाळ, अपारदर्शक झाल्या आहेत, आणि खंबायतच्या काहींवर भिंगातून बारीक भेगांचे जाळे दिसते.

आता घडवून पाहणे. औजार सर्व चकत्यांना एकच: लाकडी मुठीत बसवलेली ८ नंबरची तांब्याची तार, म्हणजे अर्थिंगची ४ मिमी जाडीची, टोक कानशीने निमुळते केलेले. परदेशी घडवय्ये हरणाचे शिंग वापरतात. आपल्याकडे सांबर-चितळाचे शिंग, गळून पडलेले का असेना, वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्या वाटेला जायचे नाही. तांबे पुरते. तळहातावर जाड चामडे, डोळ्यांवर गॉगल, मांडीखाली ताडपत्री.

कापलेल्या चकतीची कड नव्वद अंशांची असते, तिच्यावर थेट दाब दिला तर टोक घसरते. म्हणून आधी कड कुरुंदाच्या दगडावर घासून सुमारे ६० अंशांची केली आणि धार बोथट करून घेतली. धार तशीच ठेवली तर दाब देताच ती चुरते आणि छिलका निघतच नाही.

कच्च्या चकतीवर छिलके ४ ते ६ मिमी धावून पायरीत तुटतात. मनगटावर ताण येतो आणि पायऱ्या एकावर एक साचत जातात. २२० वर प्रवरेचा माल जवळपास तसाच, खंबायतचा थोडा बरा. २६० वर खंबायतचा एकदम मोकळा: छिलके १२ ते १५ मिमी, चकतीच्या अर्ध्याहून पुढे. प्रवरेचा हा पल्ला ३०० वर मिळतो. ३४० वर दोन्ही माल धावतात खरे, पण टोके आपोआप मोडतात, आणि भेगांच्या जाळ्याच्या चकत्या बोटांतच दुभंगल्या.

भाजलेला दगड 'मऊ' होतो असे बोलताना म्हटले जाते. कठीणपणा कमी होत नाही, तडा रोखून धरण्याची ताकद कमी होते. २५० अंशांच्या आसपासपासून सिलिकेला बांधलेले पाणी सुटू लागते, सूक्ष्म रंध्रे मिटतात आणि त्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजनचे नवे बंध जुळतात. दगड अधिक एकजीव होतो, म्हणून तडा एकदा निघाला की अडखळत नाही. याची दुसरी बाजू अशी, की धार घासाला आणि आपटीला लवकर पडते. टोच्या, भोके पाडायचे सामते यांसाठी भाजलेला दगड वापरू नये. पात्यांना, बाणाच्या टोकांना योग्य.

घरच्या घडवणीत हे ज्ञान नवे, माणसाला नवे नाही. दक्षिण आफ्रिकेत पिनॅकल पॉइंट इथे सुमारे ७२,००० वर्षांपूर्वीच्या थरांत भाजलेल्या सिलक्रीटची (सिलिकेने घट्ट झालेला दगड) अवजारे मिळाली आहेत. अमेरिकेत दगडी अवजारे घडवणाऱ्या डॉन क्रॅबट्रीने १९६४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हापासून हौशी घडवय्यांत ही पद्धत रुळली. आपल्याकडे घोडनदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात, जोर्वे काळातली (ताम्रपाषाण युगातली) कॅल्सेडनीची पाती मुबलक निघाली. आज आपण भट्टीत घालतो तोच हा दगड.

१२ मे

मुद्दाम बिघडवण्याची घाणी. कारण समजल्याशिवाय फुटलेल्या दगडावरून काही शिकता येत नाही. उरलेल्या चकत्या वेगळ्या जुन्या डब्यात, वाळूत पूर्ण पुरून, झाकणावर फरशीचा तुकडा ठेवून. खोलीत कोणी थांबायचे नाही.

एक, रात्रभर पाण्यात ठेवून तासाला १५० अंशांनी चढवलेल्या: पृष्ठभागावरून गोल टवके उडाले. टवका भिंगासारखा, मध्ये जाड, कडेला पातळ. त्याला आघाताचा फुगवटा, म्हणजे ठोकून काढलेल्या छिलक्यावर येतो तो उंचवटा, नाही. आतली वाफ बाहेर पडायला जागा शोधते त्याची ही खूण. उपाय वाळवण, तापमान कमी करणे नव्हे.

दोन, नीट वाळवलेल्या पण ४५० पर्यंत नेलेल्या: टवके नाहीत, सर्वत्र जाळीदार बारीक भेगा, रंग खडूसारखा. ही अतिभाजणी. हिला इलाज नाही.

तीन, ३०० वर भट्टीतून चिमट्याने काढून थंड फरशीवर ठेवलेल्या: चकती आरपार, नागमोडी रेषेत दुभंगली. तुटलेली बाजू आतूनही तेलकट, म्हणजे भाजणी झाली होती, निवणे चुकले.

डबा उघडल्यावर आधी टवक्याचा आकार पाहायचा, मग वेळापत्रकाचा कुठला टप्पा बदलायचा ते ठरते. टवके असतील तर ९५ चा टप्पा लांबवायचा, जाळे असेल तर वरचा आकडा ३० अंशांनी खाली, आरपार तडा असेल तर उतरती मंद.

१६ मे

जाड माल. पाती काढायला चकती नव्हे, गाभा, म्हणजे ज्यावरून पाती काढायची तो ठोकळा, लागतो. ३० ते ३५ मिमी जाडीचा, कडेने साल काढून आकार दिलेला. साल आधी काढलेली बरी: तडे असलेला गाभा भट्टीत जाण्याआधीच कळतो, आणि पाण्याला बाहेर यायचे अंतर कमी होते. जाडी चौपट झाली की पाणी बाहेर यायला चौपट नव्हे, सोळापट वेळ लागतो हे ध्यानात ठेवावे. ९५ वर २४ तास इथे काहीच नाहीत. महिनाभर गच्चीवर ऊन खाल्लेले गाभेच घेतले, ते ९५ वर चार दिवस ठेवले, पुढे चढती तासाला १०, ठरलेल्या तापमानावर १२ तास, उतरतीही १०. तापमान खंबायतला २५०, प्रवरेला २९०. जाड तुकड्यात वरच्या मर्यादेला चिकटायचे नाही.

२४ मे

गाभे निवले. दोघांना स्फटिकांच्या शिरेवर तडा गेला आहे, बाकी सलग. एका खंबायतच्या गाभ्यावरून तांब्याच्या टोकाने दाबून पाती काढली: ४० मिमी लांब, ९ मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर. कच्च्या गाभ्यावर अशी पाती अर्ध्यात तुटते.

२६ मे

मडक्याची पद्धत, भट्टी नसलेल्यांसाठी. रुंद तोंडाचे पक्के भाजलेले मडके. तळाशी ५ सेंमी चाळलेली राख, त्यावर वाळवलेल्या चकत्या, मध्ये राख, वर पुन्हा ५ सेंमी राख आणि मातीचे झाकण. थर्मोकपल राखेत चकत्यांच्या पातळीवर. मडक्याभोवती एक वीत अंतर सोडून गोवऱ्यांचे कडे. अंतर न सोडता गोवऱ्या टेकवल्या तर आच थेट पोटाला लागते, तिथे तापमान ५७३ अंशांच्या वर जाऊ शकते आणि त्या अंशावर क्वार्ट्झ आपली रचना बदलून एकदम फुगतो.

कडे बाहेरच्या बाजूने, वाऱ्याविरुद्ध पेटवायचे, म्हणजे आच सावकाश सरकते. गोवरी कोरडीच हवी. मीटर २४० वर आला की निखारे काठीने मागे ओढायचे. राखेची ऊब पुढचे वीस-तीस अंश आपोआप चढवते. मग पसरलेल्या राखेने सगळे झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत सोडायचे. या वेळी माथा २७५ ला गेला. वरच्या थरातल्या चकत्या खालच्यांपेक्षा फिक्या, म्हणजे आच वर कमी पोहोचली. पुढच्या खेपेला झाकणावरही निखाऱ्यांचा पातळ थर ठेवायचा.

३० मे

आवराआवर. घडवलेल्या प्रत्येक तुकड्यावर डायमंड लेखणीने '२०२४' कोरले. भाजलेली कॅल्सेडनीची पाती शंभर वर्षांनी कुणाला बांधावर सापडली तर ती कुठल्या काळातली हे कळायला हवे. छिलके आणि चुरा अंगणात, शेतात किंवा नदीत टाकायचा नाही. पोत्यात भरून, सोबत काचेची बाटली आणि चालू सालचे नाणे घालून पुरायचा.

पुढची घाणी पाऊस सुरू झाल्यावर, प्रवरेच्या ६ मिमी चकत्यांची: ९५ वर ४८ तास, माथा २८०.